कार्डावरच्या तारखा

महाराष्ट्रात मुलाला लस द्यायचीच नाही असं ठरवून बसलेले आईबाप थोडे. लस राहून गेलेली मुलं मात्र पुष्कळ. बाळाला सर्दी होती म्हणून त्या खेपेला नेलं नाही. माहेराहून सासरी येताना कार्ड तिकडेच राहिलं. ऊसतोडीची उचल घेतली होती, टोळी निघाली. मागच्या वेळी मांडीला गाठ आली, बाळ रात्रभर किरकिरलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘जरा अंग धरू दे, मग टोचू.’ यातल्या एकाही घरात लसीला विरोध नाही. देऊ की, पळून का जाते आहे, एवढाच भाव असतो. आणि गोवराची, घटसर्पाची, डांग्या खोकल्याची मुलं दवाखान्यात येतात ती पुष्कळदा अशाच घरांतून.

लसीकरणाचा विषय निघाला की बोलणं ‘द्यावी का’ इथे सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. हे पुस्तक हातात घेणाऱ्या बहुतेकांनी तो निर्णय आधीच घेतलेला असेल. एकेका आजाराची आणि त्याच्या लसीची सविस्तर ओळख पुढच्या प्रकरणांत आहेच. मला इथे वाचकाला एकाच प्रश्नापाशी थांबवायचं आहे: लस कधी? माता-बाल संरक्षण कार्डावर जन्मतः, सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने, सोळा ते चोवीस महिने असे रकाने छापलेले असतात. ते पाहून अनेकांना वाटतं की हे सरकारने आपल्या सोयीने आखलेलं वेळापत्रक आहे. वीजबिलाच्या तारखेसारखं, थोडं इकडेतिकडे झालं तर दंड भरू. पण यातली जवळजवळ प्रत्येक तारीख कुठल्या ना कुठल्या आजाराने ठरवून दिलेली आहे. तो आजार बाळाला कोणत्या वयात गाठतो, आईकडून मिळालेलं संरक्षण किती दिवस पुरतं आणि बाळाचं शरीर त्या लसीला कधी नीट दाद देतं, या तिन्हींचा मेळ घालून ती तारीख काढलेली असते. हे एकदा समजलं की कार्ड निराळ्या नजरेने वाचलं जातं.

पहिली तारीख तर बाळ जन्मण्याच्या आधीची. गरोदर बाईला धनुर्वाताची लस देतात ती तिच्यासाठी असतेच, पण पोटातल्या बाळासाठी अधिक असते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षं पडून राहतात. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापली, नाळेच्या देठाला शेण किंवा राख लावली की ते आत शिरतात. बाळ दोन-तीन दिवस चांगलं दूध ओढतं. मग एका सकाळी त्याला ओढता येईनासं होतं. जबडा आवळतो, ओठ ताणले जातात, मुठी सुटत नाहीत. भांडं वाजलं, दार उघडून उजेड आला, कुणी अंगाला हात लावला तरी झटका येतो आणि पाठ मागे वाकते. या सगळ्यात शुद्ध जात नाही. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून दिवा जागता ठेवायचा, ही रीत आपल्याकडे घरोघर होती. नवजात बाळाचा धनुर्वात साधारण त्याच दिवसांत उघड होई. ती रीत कशातून आली ते सांगता येणार नाही, पण त्या रात्रींची आयांना वाटणारी धास्ती खोटी नव्हती, एवढं नक्की.

काही दशकांपूर्वीपर्यंत भारतात वर्षाला दीड ते दोन लाख नवजात बाळांना धनुर्वात होत असावा असा अंदाज होता, आणि त्यातली बहुतेक दगावत. २०१५मध्ये माता आणि नवजात बाळांमधल्या धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याची अधिकृत खात्री झाली. दवाखान्यातली बाळंतपणं, नाळ कापायचं स्वच्छ पातं आणि गरोदरपणातली लस यांचं हे काम आहे. इतक्या मोठ्या गोष्टीची आपल्याकडे फारशी कुणी दखल घेतली नाही, याचं मला वाईट वाटतं. मात्र निर्मूलन झालं म्हणजे जंतू गेले असं नाही. ते मातीत आहेत आणि राहतील. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे शेजारच्या शंभर मुलांनी लस घेतली असली तरी तुमच्या बाळाला तिचा काडीचा आधार नाही. हे संरक्षण ज्याचं त्यालाच घ्यावं लागतं, आणि बाळाला ते जन्मापूर्वी आईच्या रक्तातूनच मिळू शकतं.

जन्मानंतरची पहिली लस २४ तासांच्या आत द्यायची असते ती कावीळ-ब ची. एवढी घाई का? आईच्या रक्तात हा विषाणू असेल तर तो बाळंतपणाच्या वेळीच बाळाकडे जातो. मोठ्या माणसाला ही कावीळ झाली तर बहुतेकांचं शरीर विषाणूला काही महिन्यांत हुसकावून लावतं. नवजात बाळाचं तसं होत नाही. लागण झालेल्या दहा बाळांपैकी जवळजवळ नऊ जणांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो. बाळ पिवळं पडत नाही, तापत नाही, गुटगुटीत वाढतं. आणि चाळिशीच्या आसपास यकृत निकामी झाल्याचं किंवा यकृताचा कर्करोग असल्याचं कळतं. ज्या आजाराचं पहिलं लक्षण चाळीस वर्षांनी दिसायचं, त्याच्यावर उपाय करायची वेळ जन्माच्या दिवशीची असते. बीसीजी आणि पोलिओचे पहिले थेंब त्याच सुमारास देतात. बीसीजीबद्दल एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. मोठेपणी होणारा फुप्फुसाचा क्षय ही लस भरवशाने रोखत नाही. तान्ह्या मुलांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्व शरीरभर पसरणारा क्षय ती रोखते, आणि ती त्यासाठीच देतात. म्हणूनच ती लवकर हवी. वर्ष उलटल्यावर तिचा उपयोग उरत नाही.

सहा आठवड्यांच्या रकान्यात आता गर्दी आहे. पेंटाव्हॅलेंट म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब नावाचा जंतू या पाचांवरची एकत्र लस. शिवाय पोलिओचे थेंब आणि पोलिओचं इंजेक्शन, जुलाबांवरची रोटाव्हायरस लस, न्यूमोनियावरची पीसीव्ही. एवढ्याशा जिवाला एका दिवशी एवढ्या सुया बघून आईचे डोळे भरून येतात, आणि ‘निम्म्या आज, निम्म्या पुढच्या महिन्यात’ असं ती म्हणते. यातली खरी घाई डांग्या खोकल्याची आहे. थोरल्या मुलाला तो झाला तर खोकून खोकून दम लागतो, उबळीच्या शेवटी श्वास आत घेताना लांब आवाज येतो, उलटी होते, आणि हे महिना-दोन महिने चालतं. दोन महिन्यांच्या बाळाला खोकायचीही ताकद नसते. ते निळं पडतं, आणि कधी कधी श्वास घ्यायचंच थांबतं. या खोकल्याने मरणारी बहुतेक मुलं सहा महिन्यांच्या आतली असतात. आईकडून मिळालेलं संरक्षण इथे फार पुरत नाही, लसीच्या एका डोसाने काम भागत नाही, आणि दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. म्हणून सहा, दहा, चौदा. बाळ जेवढं लहान तेवढी ही लस जास्त गरजेची. ‘अंग धरू दे’ म्हणत ज्या महिन्यांत आपण थांबतो, धोका नेमका त्याच महिन्यांत असतो.

थांबलं तर काय होतं हे जपानने पाहिलं आहे. १९७४मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. त्या हिवाळ्यात लसीनंतर दोन बाळांचा मृत्यू झाला, बातम्या आल्या, लस काही काळ थांबवली गेली. पुन्हा सुरू केली ती दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी. लोकांचा विश्वास उडाला होता. १९७९मध्ये रुग्ण १३ हजारांवर गेले आणि ४१ मृत्यू झाले. पुढे जपानी शास्त्रज्ञांनीच कमी ताप आणणारी नवी लस तयार केली, आणि आज खाजगी दवाखान्यांत ‘न दुखणारी’ म्हणून जी लस देतात ती त्याच वाटेने आलेली आहे. भीती निराधार असो वा नसो, तिच्यामुळे गेलेला वेळ भरून येत नाही, एवढं मी या आकड्यांतून घेतो.

घटसर्पाबद्दल थोडक्यात सांगतो. घशात टॉन्सिलवर राखाडी पडदा धरतो; तो खरवडायला गेलं तर रक्त येतं. मान सुजते, पडदा वाढत खाली गेला तर श्वास कोंडतो. यातून वाचलेलं, हसू-खेळू लागलेलं मूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक जाऊ शकतं, कारण जंतूंचं विष तोवर हृदयापर्यंत पोचलेलं असतं. त्यावर घोड्याच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष द्यावं लागतं, तेही पहिल्या एक-दोन दिवसांत. याच प्रकारच्या औषधांसाठी पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे घोडे परळच्या हाफकिन संस्थेला जात असत. त्या ये-जा करण्यातून १९६६मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि आज जगातली कितीतरी मुलं पुण्यात बनलेली गोवराची लस घेतात. प्रतिविष वेळेवर हाताशी मिळेलच असं मात्र आजही सांगता येत नाही.

आता नऊ महिने. कार्डावरचा हा रकाना मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि सर्वाधिक राहून जातो तोही हाच. साडेतीन महिन्यांनंतर मधे साडेपाच महिन्यांची मोकळीक असते. दर महिन्याला उपकेंद्रावर जायची सवय मोडते, आई कामाला लागलेली असते, बाळ रांगायला लागलेलं असतं, आणि गोवराची लस विसरली जाते.

नऊच महिने का? आईला गोवर होऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल तर तिच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळाला मिळालेली असतात. गोवराच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. लस लवकर दिली तर आईची प्रतिद्रव्यं त्यालाच संपवतात आणि बाळाचं शरीर काही शिकत नाही. जिथे गोवर क्वचित दिसतो अशा श्रीमंत देशांत बारा ते पंधरा महिन्यांपर्यंत थांबतात, कारण तेव्हा लस अधिक चांगली लागू पडते. आपल्याकडे तेवढं थांबायची सोय नाही. मधल्या महिन्यांत आजारच बाळाला गाठेल. म्हणून नऊ महिन्यांवर तडजोड झाली. या तडजोडीची किंमत अशी, की नऊ महिन्यांना लस दिलेल्या शंभर मुलांपैकी साधारण पंच्याऐंशी सुरक्षित होतात, पंधरा होत नाहीत. ती पंधरा कोणती हे बाहेरून कळत नाही. सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस त्यांच्यासाठी असतो. ‘एक दिला आहे ना’ म्हणून जो डोस आपण सोडतो, तो आपल्या मुलाला लागत होता की नाही हे आपल्याला कधीच कळत नाही.

गोवराला आपण फार हलक्यात घेतो. ‘गोवर निघाला, बरं झालं, निघायलाच हवा’ असं म्हणायची पद्धत आहे. उशाशी कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, बाहेरच्या माणसाला मज्जाव. शेवटची गोष्ट चांगलीच आहे, पण ती उशिरा होते. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल गोवर पसरवत असतं. खोकलेलं मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत टिकू शकतो. लस न घेतलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना लागण करतो. देवीच्या रोगालाही हे जमत नव्हतं. पुरळ मावळतं, पण गोवर तिथे संपत नाही. न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, अ जीवनसत्त्व झपाट्याने घटून डोळे जातात. म्हणून गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस द्यायलाच हवेत. शिवाय गोवराचा विषाणू शरीराने आधीच्या आजारांपासून साठवलेली प्रतिकाराची स्मृतीही बरीचशी पुसून टाकतो, हे अलीकडे नीट सिद्ध झालं आहे. गोवरातून उठलेलं मूल पुढे कितीतरी महिने या ना त्या आजाराने पडतं, हा जुन्या बायकांचा अनुभव होताच.

२०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात गोवर पसरला, मग मालेगाव, भिवंडीत. मुलं दगावली. कोरोनाच्या दोन वर्षांत सत्रं बंद पडली होती, डोस राहिले होते. एका खोलीत आठ-दहा माणसं, कुपोषण, सतत बदलणारी भाडेकरू कुटुंबं. त्या सगळ्या नऊ महिन्यांच्या राहून गेलेल्या तारखा एकाच वेळी वसूल झाल्या. मग घरोघर फिरून नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला गेला, आणि जिथे फार लहान बाळांनाही लागण होत होती तिथे सहा महिन्यांपासून. सहा ते नऊ महिन्यांत दिलेला डोस कार्डावरच्या हिशेबात धरत नाहीत. त्यानंतरचे दोन्ही डोस द्यावेच लागतात. या सगळ्यात दोष आयांवर टाकायला मी तयार नाही. जिथे पाणी भरायला पहाटे उठावं लागतं आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर रोज बुडतो, तिथे सत्र तिच्या वेळेला आणि तिच्या गल्लीत यायला हवं.

१९७४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या लसीकरणाचा व्यापक कार्यक्रम सुरू केला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत लसींनी साधारण १५ कोटी ४० लाख जीव वाचवले, असा २०२४मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यातले सुमारे ६० टक्के एकट्या गोवराच्या लसीने वाचवले. आपल्याकडे आता गोवर आणि रुबेला एकाच सुईत असतात. रुबेला मुलाला फारसा त्रास देत नाही. गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष घेऊन जन्माला येतं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८मध्ये शाळाशाळांतून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना जी लस टोचली, ती त्या मुलींच्या अजून न जन्मलेल्या बाळांसाठी होती.

वेळ पाळण्याची गोष्ट लसीच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे, आणि तिचा एक टप्पा आपल्या मुंबईत घडला. देवीवरच्या लसीसाठी एडवर्ड जेन्नरने १७९६मध्ये गोस्तनदेवीचा प्रयोग केला, पण ती लस हिंदुस्थानात आणायची कशी? बर्फ नाही, फ्रीज नाही. उन्हात ती वाटेतच मरून जाई. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करत ती १८०२मध्ये मुंबईला आली, आणि १४ जूनला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावर फोड आला. साधारण आठव्या दिवशी तो भरतो, तेव्हा त्यातली लस काढून पुढच्या मुलांच्या दंडावर टोचायची. तो दिवस चुकला तर लस निकामी. ॲनाकडून मुंबईतल्या आणखी पाच मुलांकडे, तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, असा तिचा प्रवास या दंडाहून त्या दंडावर झाला. आठव्या दिवशी पुढचं मूल हजर नसतं तर साखळी तुटली असती. त्या मुलांची नावं इतिहासात नाहीत. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, मे १९७५मध्ये, देशात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, आणि मे १९८०मध्ये देवी जगातून गेल्याची घोषणा झाली. माहीमच्या शीतलादेवीच्या देवळात आजही बाया मुलांना घेऊन जातात. त्यांच्यातल्या तरुण आयांनी देवीचे व्रण असलेला चेहरा पाहिलेलाही नसतो.

पोलिओची हकीकत बहुतेकांना आठवते, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत घडली. १९९५पासून पल्स पोलिओचे रविवार, अंगणवाडीतला बूथ, करंगळीच्या नखाला शाईची खूण, आणि दुसऱ्या दिवसापासून दारावर खडूने खुणा करत फिरणाऱ्या ताई. जे काम दिसत नाही ते अधिक अवघड होतं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत धाडायचे. मुंबईत २००१पासून सांडपाण्यातही विषाणू शोधत होते. १३ जानेवारी २०११ला हावड्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. थेंबांतला जिवंत विषाणू अगदी क्वचित स्वतःच उलटतो, हेही खरं आहे. म्हणून एप्रिल २०१६मध्ये जगातून नाहीशा झालेल्या दुसऱ्या प्रकारचा विषाणू थेंबांतून काढला, आणि मृत विषाणूचं इंजेक्शन कार्डावर आलं. लस बनवणारे स्वतःच्या लसीचे दोष शोधतात आणि त्यानुसार वेळापत्रक बदलतात. मला यात विश्वास ठेवण्याजोगं काही दिसतं.

लस टोचणाऱ्या बाईंचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. सत्राच्या सकाळी गोठलेले आइसपॅक फ्रीजरमधून काढून त्या टेबलावर मांडतात आणि थांबतात. थोड्या वेळाने एकेक उचलून कानाशी हलवतात. आत पाणी हलल्याचा आवाज आला की मगच तो डब्यात. कारण पोलिओचे थेंब उन्हाने बिघडतात, पण पेंटाव्हॅलेंट गोठली की बिघडते. दोघींना एकाच डब्यात सांभाळायचं असतं. बाटलीवर एक वर्तुळ आणि आत फिकट चौकोन असतो. बाटलीला ऊन लागत जाईल तसा चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाला पोचला की बाटली बाद. गोवर-रुबेला आणि बीसीजीची पूड तिच्याच द्रावणात कालवायची, बाटलीवर वेळ लिहायची, आणि चार तासांनी उरलेली टाकून द्यायची. एकच मूल आलं तर पूर्ण बाटली फोडायची का? नियम सांगतो, फोडायची. लस वाया गेली तरी चालेल, मूल परत जाता कामा नये.

हे चार तास आणि एकदाच वापरता येणारी सिरिंज यांच्यामागे जुनी दुःखं आहेत. १९०२मध्ये पंजाबातल्या मालकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. लस मुंबईत वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत बनलेली. ठपका त्यांच्यावर आला, नोकरी गेली. त्या दिवशी टोचलेल्या बाकी सगळ्यांना काही झालं नव्हतं; ते १९ जण एकाच बाटलीतले होते, आणि ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. हाफकिन निर्दोष ठरायला पाच वर्षं लागली. जानेवारी २०२१मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने वाचली. अशा चुका झाकून ठेवल्याने विश्वास वाढत नाही. त्या सांगाव्यात, आणि त्यातून कोणता नियम आला तेही सांगावं.

पेंटाव्हॅलेंटनंतर ताप येतो, मांडी सुजते, बाळ रडतं. हे सांगूनच लस द्यायला हवी. ज्या आईला आधी सांगितलेलं असतं ती पुढच्या वेळी येते. जिला कुणी सांगितलं नाही ती घाबरते आणि पुढचा रकाना रिकामा राहतो. लसीमुळे ऑटिझम होतो या अफवेचं वेगळं आहे. १९९८मध्ये इंग्लंडमध्ये अवघ्या १२ मुलांवरून लिहिलेल्या एका लेखाने ती उठली. तो लेख २०१०मध्ये मागे घेतला गेला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरची नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा मागोवा घेऊन २०१९मध्ये जे मांडलं गेलं, त्यात लसीचा आणि ऑटिझमचा काही संबंध आढळला नाही. तरी ती अफवा अजून मोबाइलवर फिरते.

आता राहून गेलेल्यांकडे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यात परततात. श्रावणात जन्मलेल्या बाळाचा हिशेब करून पाहा. सहा आठवड्यांची लस गावात झाली. दहा आणि चौदा आठवडे आले तेव्हा बाळ फडाशेजारच्या कोपीत, दुसऱ्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकात. आई-बाप पहाटे कोयता घेऊन फडात. तिथल्या ताईंच्या यादीत बाळाचं नाव नाही, गावच्या यादीत आहे पण बाळ नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीचंही असंच होतं: नोंद माहेरच्या उपकेंद्रात, आणि तिसऱ्या महिन्यात ती सासरी. दोन्हीकडच्या ताईंना वाटतं, तिकडे दिली असेल. हे टाळायला बाळ जिथे असेल तिथे लस मिळते, नोंद कुठलीही असो. हे मुकादमालाही ठाऊक असायला हवं आणि कारखान्यालाही. लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर नोंद असेल तर आधीचे डोस दुसऱ्या गावातही दिसतात.

ज्यांच्या घरी एखादा रकाना रिकामा राहिला आहे त्यांनी पुढची पानं वाचायच्या आधी एवढं लक्षात घ्यावं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. पेंटाव्हॅलेंट आणि रोटाव्हायरसचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू करता येतो, बीसीजीही वर्षापर्यंत. गोवर-रुबेलाचे राहिलेले डोस आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची लस सात वर्षांपर्यंत मिळते. कार्ड हरवलं असेल तर त्याची अर्धी पावती उपकेंद्रात असते. भिंतीवर महिन्यामहिन्याचे कप्पे शिवलेली एक पिशवी टांगलेली असते, तिच्यात ती सापडेल. सर्दी, खोकला, साधे जुलाब, बारीक ताप, कमी वजन, अंगावर पिणं यातलं काहीही लस टाळायचं कारण नाही. ताप फार असेल तर डॉक्टर थांबायला सांगतील. तेव्हा परत कधी यायचं ती तारीख त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी.